आबांचा टायर

आबा सेंटरला आले की वजनकाट्यावर आधी स्वतः चढायचे नाहीत. आधी जॅक चढवायचे.

जॅक म्हणजे गाडीखाली लावायचा जॅक. बुटका, काळा, कुठल्यातरी जुन्या ट्रकचा. पिशवीत गुंडाळून आणायचे. तो काट्यावर ठेवला की आकडा यायचा नऊ किलो चारशे. मग आबा म्हणायचे, "हां, काटा सरळ हाय आज," जॅक उतरवायचे, चपला काढायचे आणि स्वतः चढायचे. एकदा नऊ तीनशे आलं तर चढलेच नाहीत. आम्ही काटा उचलून दुसऱ्या फरशीवर नेला, तिथं नऊ चारशे भरलं, तेव्हा कुठं गडी काट्यावर आला.

आमच्या मोठ्या सिस्टर वैतागायच्या. "आबा, हे हॉस्पिटल आहे, गॅरेज नव्हे."

"मग काटा का हालतोय?" आबा विचारायचे.

शेवटी सिस्टरनी एवढंच केलं की जॅकला धुतलेली पिशवी सक्तीची केली.

तसं बघायला गेलं तर आबांचं चुकत नव्हतं. डायलिसिसमध्ये सगळा खेळ वजनाचा. किडनी काम करत नाही, लघवी होत नाही, मग पोटात गेलेलं पाणी अंगातच साठत राहतं. दोन डायलिसिसच्या मधे किती साठलं ते वजन सांगतं, आणि तेवढं मशीननं काढायचं. जास्त काढलं तर माणूस खुर्चीतच घामाघूम होऊन डोळे फिरवतो. कमी काढलं तर घरी जाऊन धापा टाकतो. पण हे माहीत असून आठवड्यातनं तीनदा जॅक घेऊन एसटीनं येणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

मी त्या सेंटरला टेक्निशियन. गाव माधवनगर, शिक्षण सांगलीत, नोकरी कराडला. पहिल्या दिवशी मी आबांच्या खुर्चीपाशी गेलो तर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तू कोण रं?"

"टेक्निशियन."

"म्हंजे फिटर."

झालं. त्या दिवसापासनं मी फिटर. आमच्या किडनीच्या डॉक्टर मॅडम फोरमन. सिस्टर सुभेदार. ह्याचं कारण असं की आबा सतरा वर्षं फौजेत होते, गाड्यांच्या खात्यात, आणि सुटून आल्यावर त्यांनी हायवेला टायर रिमोल्डिंगचं दुकान टाकलं होतं. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून तो परत रस्त्यावर आणायचा, हा त्यांचा धंदा. किडनी गेल्यावर दुकान बंद करून ते वडूजच्या बाजूला गावी राहायला गेले, पण डोक्यातलं दुकान काही बंद झालं नव्हतं.

त्यांच्या डाव्या हाताला डायलिसिससाठी शीर जोडलेली होती. तिच्यातनं रक्त जोरात वाहतं, त्यामुळं वरनं हात लावला की थरथर लागते आणि कान लावला की घर्र आवाज येतो. बाकीचे पेशंट सकाळी उठून देवाला हात जोडतात, आबा आपलाच हात कानाला लावायचे. "इंजिन चालू हाय," म्हणायचे आणि मग चहा. चहा म्हणजे तीन घोट. दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायचे आणि बाटलीवर टायरच्या खडूनं रेघा मारायचे. नाष्ट्याची रेघ, दुपारची रेघ, गोळ्यांची रेघ. आज्जी, म्हणजे त्यांच्या मंडळी, सांगायच्या, "येकदा मी चुकून रेघंच्या खाली प्याले तर दोन दिवस बोलले न्हाईत. आन् पानी माझ्याच विहिरीचं."

मला लहानपणापासनं एक खोड आहे. माणूस बघितला की त्याचा आवाज माझ्या गळ्यात शिरतो. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा आख्ख्या वर्गाला घरी सोडलं होतं. त्याबद्दल छड्या खाल्ल्या, त्याही त्यांच्याच आवाजात मोजत. तर आबा म्हणजे माझ्यासाठी पर्वणी. बोलायच्या आधी ते घसा असा खाकरायचे की थंडीत ट्रकला स्टार्टर मारतोय. खर्रर्र. परत खर्रर्र. तिसऱ्या वेळी इंजिन पकडायचं आणि बोलणं सुरू व्हायचं. बोलताना माणसाच्या तोंडाकडं न बघता खाली, चाकाच्या उंचीला बघायचे. मधेच बोटाच्या पेरानं खुर्चीवर, मशीनवर, सिस्टरच्या टेबलावर टकटक वाजवायचे, आतनं पोकळ आहे का बघतात तसं. आणि कुणी काही सांगितलं की म्हणायचे, "आकडा दाखव, मग बोल."

एकदा चहाच्या कोपऱ्यात मी पोरांना आबा करून दाखवत होतो. खाकरलो, खाली बघितलं, खांदा उतरवला, टेबल वाजवलं. पोरं हसता हसता एकदम गप्प झाली, तेव्हा मला कळलं मागं कोण उभं आहे.

"खांदा चुकला," आबा म्हणाले.

मी वळलो. "आं?"

"डावा उतरलाय माझा. तू उजवा उतरवलास. परत कर."

मला वाटलं आता तक्रार जाणार. पण आबा खरोखर वाट बघत होते. मी परत केला. ते म्हणाले, खाकरताना दुसरी खाकर जरा लांब पायजे. मग अजून एकदा. चार वेळा करून घेतलं, आणि शेवटी म्हणाले, "आता रस्त्यावर आली गाडी." तेवढं बोलून मशीनकडं गेले.

तिथनं एक नवीनच प्रकार सुरू झाला. डायलिसिस चार तासांचं असतं. तिसऱ्या तासाला हॉलमधले आठच्या आठ लोक कंटाळून, गळून गेलेले असतात. तेव्हा आबा तीन नंबरच्या खुर्चीवरनं हाक मारायचे, "फिटर, मला दम लागलाय. जरा माझं तू बोल." मग मी हॉलच्या मधे उभा राहून आबांच्या आवाजात त्यांच्या गोष्टी सांगायचो. फौजेतल्या, हायवेवरच्या. निम्म्या त्यांच्या, निम्म्या मी रचलेल्या. आबा डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच मान हलवायचे, "व्हय, आसंच झालं हुतं." जे झालेलंच नाही त्यालाही मान हलवायचे. तेव्हा मला त्याचं हसू यायचं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

आता टायरचं.

डायलिसिसच्या पेशंटला बी प्रकारच्या काविळीची लस द्यावी लागते. ती कावीळ रक्तातनं पसरते, आणि आमच्याकडं कामच सगळं रक्ताचं. धडधाकट माणसाला ही लस तीनदा दिली की भागतं. किडनीच्या पेशंटला दुप्पट डोस, तोही चारदा. एवढं करूनही काहींच्या अंगी लागत नाही, आणि लागली तरी लवकर उतरते. म्हणून रक्त तपासून बघतात की लसीनं तयार झालेली ताकद किती उरली आहे. त्या तपासणीला म्हणतात टायटर. दहाच्या वर असेल तर ठीक. खाली गेला तर बूस्टर, म्हणजे वरचा डोस.

मॅडम राउंडला आल्या आणि फाईल बघत म्हणाल्या, "ह्यांचा टायटर झाला का?"

आबांनी एक डोळा उघडला. "टायर?"

"टायटर, आबा," मी म्हटलं.

"त्येच की. कितीवर हाय?"

"एक्केचाळीस."

"लय झाला. मोटरसायकललाबी पुरंल."

मॅडमना कळलंच नाही, त्या पुढं गेल्या. पण आबांना पटलं होतं. लस म्हणजे हवा, रिपोर्ट म्हणजे हवा मोजायचं गेज. बाकी पेशंटना आम्ही वर्षभर घसा फोडून समजावत होतो की टायटर काय असतो. आबांनी एका दुपारात सगळ्यांना शिकवलं. पुढच्या आठवड्यापासनं म्हाताऱ्या बाया मला विचारायला लागल्या, "माझ्या टायरचं काय झालं रं?"

आणि मग फेब्रुवारीत एक दिवस आबा म्हणाले, "फिटर, आज टायरवर बोल."

मी उभा राहिलो. दोनदा खाकरलो, तिसऱ्याला इंजिन पकडलं. "गड्यांनो, लस म्हंजे हवा. धडधाकट मानसाचा टायर नवाकोरा. येकदा भरली की भरली. आपला टायर रिमोल्डचा. भरली तरी हळूहळू उतरती. म्हणून वरसाला गेज लावायचं. धाच्या खाली गेली की भरून घ्यायची." इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मॅडमनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती. पण हॉल हसत होता आणि मला अजून हशा पाहिजे होता. म्हणून मी जोडलं, "आन् उन्हाळ्यात भरायची न्हाई. एप्रिल-मेमधी रस्ता तापतोय, हवा फुगती, टायर फुटतोय. उन्हाळ्यात कमीच ठेवायची. जून लागला की भरायची."

हॉल फुटला. आबा तर इतके हसले की हात हलला, नळी दबली आणि मशीननं अलार्म दिला.

एप्रिलमध्ये आबांचा वर्षाचा टायटर आला. सात.

त्या दिवशी मी सुट्टीवर होतो, माधवनगरला. परत आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "तुझे आबा बूस्टर घेत नाहीत. म्हणतात, उन्हाळ्यात नको, जूनमध्ये घेतो. तू जरा बोल."

मी हसलो. मला वाटलं आबा सिस्टरची फिरकी घेतायत. माझंच वाक्य मलाच परत पाठवतायत, असं वाटून उलट मजा वाटली. आबांना म्हटलं, "मग काय, जूनमध्ये का?" ते म्हणाले, "जूनमधी." मी म्हटलं, "बरं." आणि कामाला लागलो. फाईलमध्ये 'पेशंट नंतर घेणार' असं लिहिलेलं होतं. त्याखाली मी सही केली.

मे महिन्यात दहिवडीकडचा एक तरुण आला. गवंडीकाम करणारा, पंचविशीचा. किडन्या गेल्याचं त्याला आदल्या आठवड्यातच कळलं होतं. श्वास लागलेला, अंगावर सूज. काविळीची टेस्ट केली, निगेटिव्ह आली, म्हणून त्याला हॉलमध्ये घेतलं. रिकाम्या चार नंबरला, आबांच्या शेजारी. घाबरलेला होता. आबांनी आपला हात त्याच्या कानाला लावून इंजिन ऐकवलं.

पंधरा दिवसांनी त्याची टेस्ट परत केली, तर पॉझिटिव्ह. पहिला रिपोर्ट चुकीचा नव्हता. काविळीचा विषाणू अंगात शिरल्यावर काही आठवडे टेस्टमध्ये दिसत नाही, आणि आम्ही नेमकं त्या आठवड्यांत त्याला गाठलं होतं. त्याला लगेच वेगळ्या खोलीत, वेगळ्या मशीनवर हलवलं. आणि मॅडमनी सगळ्यांच्या फाईली टेबलावर मागवल्या.

हॉलमधल्या जुन्या आठातल्या सात जणांचे टायटर दहाच्या वर होते. एकाचा सात.

"ह्यांना बूस्टर का नाही दिला?" मॅडमनी विचारलं.

मी तीन नंबरकडं गेलो.

"आबा, ते जूनचं तुम्ही मस्करीत म्हणत होता ना?"

"मस्करी कसली? तूच सांगिटलंस की. उन्हाळ्यात भरायची न्हाई."

"मी नक्कल करत होतो आबा. ते मी मनानं घातलं होतं."

आबा खाली बघत राहिले. पेरानं खुर्चीचा हात वाजवला. "माझ्याच आवाजात सांगिटलंस गड्या," ते म्हणाले. "मला वाटलं, मलाच म्हाईत हाय."

रागावले असते तर सोपं गेलं असतं. मी आजपर्यंत शेकडो आवाज काढलेत, पण कुणी माझ्या गळ्यातनं स्वतःचा शब्द उचलून त्याच्यावर चाललं नव्हतं. मी जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. टायर, उन्हाळा, सही, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सही तुझी आहे, पण बूस्टरचं बघणं माझं काम होतं. मीही विचारलं नाही. चल आता, इंजेक्शनं काढ."

आबांना दोन इंजेक्शनं दिली. लस उजव्या दंडात, कारण डाव्या हाताला आम्ही डायलिसिस सोडून दुसरी सुई कधी लावत नाही. दुसरं मांडीत. ते तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन. मॅडमनी आबांना आणि आज्जींना समोर बसवून समजावलं. त्यांचा आवाज कसा, ते मी आजही हुबेहूब काढू शकतो, पण काढत नाही.

"आबा, लागण व्हायची शक्यता कमी आहे. दर वेळी मशीन धुतलेलं होतं, सुया वेगळ्या होत्या. पण शून्य नाही. हे मांडीतलं इंजेक्शन म्हणजे दुसऱ्याची ताकद, ती काही महिने पुरते. ती आहे तोवर टायटर केला तर आकडा खोटा येईल, त्यातला तुमचा किती ते कळणार नाही. म्हणून सहा महिने थांबायचं. दर महिन्याला काविळीची टेस्ट, आणि सहा महिन्यांनी टायटर."

"गेजच लावायचं न्हाई म्हंजे," आबा म्हणाले.

"नाही."

"पन आमच्या शेजारनीच्या पोराला लानपनी लस दिली, त्याला कोन दर साली तपासतंय?"

"त्याच्या अंगाला एकदा त्या विषाणूची ओळख पटली की आकडा उतरला तरी आठवण राहते. वेळ आली की अंग आपोआप उभं राहतं. किडनीच्या पेशंटचं तसं नसतं. दहाच्या खाली गेल्यावर अंगाला आठवेलच ह्याचा भरवसा नाही."

आबांनी विचार केला. "म्हंजे माझं अंग इसराळू हाय."

"अंगच न्हवं," आज्जी म्हणाल्या.

मॅडम हसल्या. मला हसता आलं नाही, कारण मला पुढचं माहीत होतं. वडूजला नवीन डायलिसिस सेंटर होणार होतं, आबांच्या घरापासनं रिक्षानं दहा मिनिटं. आबांनी तिथं कधीच नाव घातलं होतं. आठवड्यातनं तीन दिवस, जाऊन येऊन तीन-साडेतीन तास एसटीत बसायचं, आणि येताना तर अंगात जीव नसायचा. दोनदा ते बसमध्येच चक्कर येऊन पडले होते. वडूजला गेलं की ते सगळं सुटणार. पण तिथं काविळीच्या पेशंटला वेगळं मशीन नव्हतं. रिपोर्ट निगेटिव्ह असेल तरच घेणार. आबांना लागण झाली तर वडूज संपलं. मग आयुष्यभर कराडची वारी, आणि ती एकट्या खोलीत.

त्या सहा महिन्यांत मी हॉलमध्ये कुणाचाच आवाज काढला नाही. पेशंट म्हणायचे, काय रं, घसा बसला का? मी म्हणायचो, व्हय.

आबांचं मात्र काही बदललं नाही. जॅक, काटा, बाटली, इंजिन, सगळं तसंच. उलट एक काम वाढलं. तो गवंडी आतल्या खोलीत एकटा असायचा. हॉलमधल्या दोघा-तिघांनी त्याच्या दाराकडं बघायचंही सोडलं होतं, जसं काही बघण्यानं कावीळ होते. आबा डायलिसिस सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. आत जायला परवानगी नव्हती, म्हणून उंबऱ्याबाहेर.

"काय रं गवंडी, येकटा खोली घिऊन बसलास. मालक झालास की."

तो म्हणायचा, "आबा, माझ्यामुळं तुमाला लागलं तर?"

"तुला कुनी लावलं त्याचं नाव तुला म्हाईत हाय का? न्हाई न्हवं. मग माझ्या यादीत तुझं नाव कशाला?"

हे मी लांबनं ऐकायचो, आणि मला वाटायचं, त्या यादीत माझं नाव तरी असेल.

जूनचा रिपोर्ट निगेटिव्ह. जुलै निगेटिव्ह. दर महिन्याला रक्त काढायचं काम मी सिस्टरकडनं मागून घेतलं होतं. ट्यूबवर नाव लिहिताना मी दोनदा वाचायचो. ऑगस्टचा रिपोर्ट दोन दिवस उशिरा आला, तर त्या दोन दिवसांत मी मशीनच्या नळ्या एकदा उलट्या लावल्या. सिस्टरनी वेळेवर बघितलं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ, तुला झोप येत नसेल तर सांग. आबांना येते. मी आज्जींना विचारलं."

सप्टेंबर, ऑक्टोबर निगेटिव्ह. नोव्हेंबरच्या शेवटी काविळीची शेवटची टेस्ट आणि टायटर, दोन्ही पाठवलं.

रिपोर्ट शनिवारी दुपारी आले. आबा डायलिसिस संपवून स्टँडवर गेले होते. मी कागद खिशात घालून स्टँडकडं पळालो. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, त्यांच्यामधनं वाट काढत गेलो. वडूजची गाडी लागलेली होती. आबा अजून चढले नव्हते. गाडीला फेरी मारून एकेका चाकाला पायानं ठोकून बघत होते, आणि ड्रायव्हर खिडकीतनं म्हणत होता, "झालं का आबा? सहा तर हायत."

"आबा," मी म्हटलं. मला धाप लागली होती. "निगेटिव्ह आहे."

"आकडा दाखव, मग बोल."

मी कागद दिला. त्यांनी तो लांब धरून वाचला. कावीळ निगेटिव्ह. टायटर शहाऐंशी. मॅडमनी खाली पेनानं लिहिलं होतं, 'हा आता तुमचा स्वतःचा.' आबांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि कागद आज्जींकडं दिला. आज्जींनी त्याची बारीक घडी केली, पिशवीत तळाला घातली आणि स्टँडच्या कठड्यावर खाली बसल्या. सहा महिन्यांत त्यांनी रिपोर्टचं एकदाही विचारलं नव्हतं.

"आवं, चला की," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "घरी लेक वाट बघतीया, तिला सांगायचंय."

कंडक्टरनं बेल दिली. दोघं चढले. मी खाली उभा होतो, मला माफी मागायची होती, आणि ती कशी मागायची ते सहा महिने ठरवूनही आठवत नव्हतं. आबांनी खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

"फिटर."

"काय आबा?"

"तुझा किती?"

गाडी निघाली.

मी तिथंच उभा राहिलो. माझा किती? कॉलेजला असताना तीन डोस घेतले होते. नंतर टायटर करा असं सांगितलं होतं, ते काही मी केलं नव्हतं. रोज आठ माणसांच्या रक्तात हात घालतो, सगळ्यांचे आकडे तोंडपाठ, आणि स्वतःचा माहीत नाही. सहा महिने आतल्या खोलीतल्या गवंड्याचं डायलिसिस मीच करत होतो.

परत आलो आणि सिस्टरना म्हटलं, माझं रक्त काढा. त्यांनी विचारलं, आबांनी सांगितलं? मी मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "एकदा दहाच्या वर दिसला की तुला परत बघायची गरज नाही. तुझ्या किडन्या चालतात. पण एकदा तरी दिसला पाहिजे की नाही?" मी विचारलं, आणि इतक्या वर्षांनी खाली आला तर? त्या म्हणाल्या, तर मग परत डोस, परत तपासणी, आणि तोवर आतल्या खोलीत जायचं नाही. रिपोर्ट सोमवारी.

रविवारी मी माधवनगरला गेलो नाही. आई फोनवर म्हणाली, आवाज का बारीक झालाय? मी म्हटलं, काही नाही, काम. संध्याकाळी आबांचा फोन आला. रक्त दिल्याचं मी त्यांना सांगितलंही नव्हतं. "आला का?" म्हटलं, उद्या. "बरं," म्हणाले आणि ठेवला. सोमवारी सकाळी परत फोन. "आला का?" म्हटलं, दुपारी. "बरं."

आबा डिसेंबरपासनं वडूजला जायला लागले. तीन नंबरवर आता मसूरचे एक मास्तर असतात, ते वजनाचा आकडा आहे तसा मानतात. आबा गेल्यापासनं काटा कुणी तपासत नाही म्हणून महिन्यातनं एकदा मीच तपासतो. पण त्या सोमवारचं सांगायचं राहिलं.

दुपारी तीनला रिपोर्ट आला. एकशे चाळीस. मी तो मोबाईलवर तीनदा उघडून बघितला. हातातलं काम संपवलं, एका पेशंटची सुई काढली, पट्टी लावली, आणि बाहेर जिन्यात येऊन फोन लावला. एका रिंगला उचलला.

"बोल."

"एकशे चाळीस."

तिकडनं खाकरणं आलं नाही, नुसती पेराची टकटक आली.

"आबा?"

"जेवलास का?"

"नाही अजून."

"मग जेव की आता," आबा म्हणाले, आणि फोन ठेवला.